मॉरिस बेटावरचा कर्नल

अमेरिकेतील यादवी युद्ध आमच्या अभ्यासक्रमात अवघ्या एका प्रकरणाचे आहे. कापसाचे मळे, गुलामांचा व्यापार, लिंकनची निवडणूक, गेटिसबर्ग, आणि शेवटी परीक्षेला हमखास येणारी कारणे व परिणाम. त्या प्रकरणात रॉबर्ट गोल्ड शॉ हे नाव कोठेही नाही, आणि पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. शॉ कोणी सेनापती नव्हता. त्याने एकही मोठी लढाई जिंकली नाही. पंचविसाव्या वर्षी समुद्रकाठच्या वाळूच्या एका किल्ल्यावर चढताना तो मारला गेला, आणि किल्ला त्या दिवशी पडलासुद्धा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या थोरल्या भावाच्या वयाचा हा मनुष्य. म्हणून त्याचा उल्लेख मी एकेरीच करणार आहे.

शॉचा जन्म १० ऑक्टोबर १८३७ चा, बॉस्टनमधला. घराणे व्यापारी आणि गर्भश्रीमंत. चार बहिणींमध्ये हा एकुलता एक भाऊ. वडील फ्रान्सिस आणि आई सेरा हे दोघेही गुलामगिरीचे कडवे विरोधक. अशा घरात वाढलेला मुलगा लहानपणापासूनच ध्येयवेडा असणार असे आपण धरून चालतो, पण शॉ तसा अजिबात नव्हता. त्याला शाळेतील शिस्तीचा कंटाळा होता. स्वित्झर्लंड आणि जर्मनीत शिकायला ठेवले तेव्हा त्याने अभ्यासापेक्षा संगीत, नाटके आणि मेजवान्या यांतच अधिक रस घेतला. आईबापांचा मार्ग योग्य आहे हे त्याला पटत होते, पण सुधारक म्हणवून घेण्याची त्याला हौस नव्हती, आणि हे तो घरच्या पत्रांतून मोकळेपणाने कळवीत असे. पुढे हार्वर्डमध्ये गेला, तेथे तिसऱ्या वर्षी कंटाळून पदवीविना बाहेर पडला आणि न्यूयॉर्कला मामाच्या पेढीवर कारकुनी करू लागला. तेथेही मन रमेना. एकंदरीत घरच्या पैशावर निवांत आयुष्य काढणाऱ्या सुखवस्तू तरुणांपैकीच तो एक झाला असता.

एप्रिल १८६१ मध्ये चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी असलेल्या फोर्ट सम्टरवर दक्षिणेकडील बंडखोरांनी तोफा डागल्या आणि युद्ध पेटले. शॉ लगेच न्यूयॉर्कच्या एका स्वयंसेवक पलटणीत दाखल झाला, आणि महिनाभरातच मॅसॅच्युसेट्सच्या दुसऱ्या पायदळ पलटणीत अधिकारी म्हणून रुजू झाला. येथे मात्र त्याला प्रथमच आपले काम सापडले. सीडर माउंटनच्या लढाईत त्याचे कितीतरी मित्र पडले. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमला, जेथे एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांच्या आसपास सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, तेथे वेग संपत आलेली एक गोळी त्याच्या मानेवर आदळली. थोडक्यात बचावला. तोपर्यंत तो कॅप्टन झाला होता.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला. बंडखोर प्रांतांतील गुलाम मुक्त झाले असे त्यात होते, आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची वाटही त्याने मोकळी केली. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन अँड्र्यू याने तत्काळ एक कृष्णवर्णीय पलटण उभारायला घेतली. ही चोपन्नावी पलटण. अधिकारी मात्र गोरेच असावेत अशी वरिष्ठ सरकारची अट होती. कर्नलपदासाठी अँड्र्यूने शॉचे नाव काढले आणि नेमणुकीचे पत्र त्याच्या वडिलांच्याच हाती दिले. म्हातारा ते पत्र घेऊन व्हर्जिनियातील छावणीत गेला. शॉने नकार दिला.

या नकाराची गोष्ट त्याच्या गौरवात बहुधा एका वाक्यात उरकली जाते. मला ती महत्त्वाची वाटते. आपण या कामाला लायक नाही असे त्याला वाटत होते. जुन्या पलटणीतील सोबत्यांना सोडवत नव्हते. शिवाय काळ्या लोकांच्या पलटणीचा कर्नल म्हणजे गोऱ्या लष्करात थट्टेचा विषय, हेही तो जाणून होता. उत्तरेकडील सगळेच गुलामगिरीच्या विरुद्ध होते आणि म्हणून काळ्यांना बरोबरीचे मानत होते असे समजणे भाबडेपणाचे आहे. त्या काळी अनेकांना गुलामगिरी नको होती आणि शेजारी काळा माणूसही नको होता. शॉचे मनही या कोत्या समजुतींपासून पुरते मोकळे नव्हते. वडील परत निघाले. एकदोन दिवस तो तळमळत राहिला आणि मग आपला नकार रद्द समजावा अशी तार त्याने केली. नकार ऐकून आई फार दुखावली असणार, हे त्याला कळत होते; निर्णय बदलण्यात तिचा वाटा किती आणि त्याच्या स्वतःच्या मनाचा किती, याची वाटणी कोणी करू नये.

बॉस्टनजवळ रीडव्हिल येथे पलटणीची छावणी पडली. चित्रपटामुळे (१९८९ साली या पलटणीवर निघालेला 'ग्लोरी' आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल) असा समज होतो की, हे सारे नुकतेच पळून आलेले गुलाम होते. वस्तुस्थिती निराळी आहे. त्यांतले बहुसंख्य उत्तरेत जन्मलेले स्वतंत्र नागरिक होते. न्हावी, खलाशी, शेतमजूर, गाडीवान. त्यांत लिहिता-वाचता येणारे पुष्कळ होते. स्वतः गुलामीतून निसटलेला थोर वक्ता फ्रेडरिक डग्लस याने या पलटणीसाठी गावोगाव फिरून भरती केली आणि ल्यूइस व चार्ल्स या आपल्या दोन मुलांना तीत घातले. यांपैकी कोणालाही युद्धावर जाण्याची सक्ती नव्हती. शिवाय बंडखोर सरकारने जाहीर करून टाकले होते की, काळ्या सैनिकांचे नेतृत्व करणारा गोरा अधिकारी हाती लागला तर त्याला देहदंड होऊ शकेल, आणि पकडलेला काळा सैनिक युद्धकैदी न मानता दक्षिणेकडील प्रांतांच्या स्वाधीन केला जाईल. म्हणजे गुलामी किंवा फाशी. हे ठाऊक असून हजार माणसे आली.

सुरुवातीला शॉ त्यांच्याकडे काहीशा कुतूहलाने, थोड्या वरून बघितल्यासारखा पाहत होता. पत्रांतली भाषा मात्र आठवड्या-आठवड्याने बदलत जाते. ही माणसे किती चटकन शिकतात, छावणी किती स्वच्छ ठेवतात, याचे त्याला आधी आश्चर्य वाटते आणि मग अभिमान. शिस्तीच्या बाबतीत तो कडक, कधी कधी जाचक वाटावा इतका. त्याला घाई होती. २ मे रोजी त्याने ॲनी हॅगर्टीशी लग्न केले आणि २८ मे १८६३ रोजी पलटण बॉस्टन सोडून निघाली. संसार पुरता महिनाभराचाही नाही!

त्या दिवशी बॉस्टनचे रस्ते माणसांनी फुलून गेले होते. बीकन स्ट्रीटवरील आपल्या आप्तांच्या घरापाशी आल्यावर घोड्यावरील शॉने मान वर करून सज्जातल्या घरच्या मंडळींकडे पाहिले आणि तलवार ओठांशी नेली. पुढे बंदरात जहाज उभे होते.

दक्षिणेच्या किनाऱ्यावर उतरल्यावर पहिले काम निघाले ते लाजिरवाणे. जॉर्जियातील डॅरिएन नावाचे गाव, जवळजवळ ओस पडलेले, प्रतिकार असा नाहीच. मोहिमेचा प्रमुख कर्नल माँटगोमेरी याने ११ जून रोजी ते लुटायला लावले आणि मग जाळायला सांगितले. शॉचा विरोध होता. तरीही त्याच्या पलटणीतील एका तुकडीला हुकूम पाळावा लागला. त्याने वरिष्ठांकडे तक्रार केली, घरी संतापून लिहिले. आपल्या माणसांचे नाव पहिल्याच झटक्यात दरोडेखोर म्हणून बद्दू होईल ही भीती त्याला होती. पण हुकूम मोडला नाही, हेही खरे. ती सल त्याच्या पत्रांत राहून गेली आहे. युद्ध संपल्यावर डॅरिएनमधील जळालेले चर्च पुन्हा उभारण्यासाठी त्याच्या आईने मदत पाठविली.

दुसरा प्रश्न पगाराचा. भरतीच्या वेळी इतर सैनिकांइतकाच, म्हणजे दरमहा १३ डॉलर पगार कबूल केला होता. प्रत्यक्षात हाती ठेवू लागले १० डॉलर, आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ कापून. शॉने गव्हर्नरला कळविले की, कबुलीप्रमाणे पैसे द्या, नाहीतर पलटण मोडून टाका. सैनिकांनी त्याहून कठीण मार्ग पत्करला. सात डॉलर घ्यायचेच नाहीत. मॅसॅच्युसेट्स सरकार उरलेली रक्कम आपल्या तिजोरीतून भरायला तयार झाले, तेही त्यांनी नाकारले. प्रश्न पैशाचा नव्हता. सुमारे दीड वर्ष ही माणसे बिनपगारी लढली. घरी बायकामुलांचे हाल झाले. जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान वेतन मंजूर केले तेव्हा ते पाहायला शॉ नव्हता.

आता मॉरिस बेटाकडे वळू. चार्ल्स्टन हे दक्षिणेचे मानाचे बंदर, बंडाची जन्मभूमीच म्हणा ना. उत्तरेच्या आरमाराने त्याची नाकेबंदी केली होती. त्या नाकेबंदीपायी अमेरिकन कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि म्हणून आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव येऊन मुंबईत सट्ट्याचे वेड शिरले, १८६५ साली युद्ध संपताच ते कोसळले, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. चार्ल्स्टनच्या खाडीचे तोंड दोन्ही बाजूंनी बेटांनी आवळलेले. दक्षिणेकडचे मॉरिस बेट. लांबी सुमारे चार मैल, रुंदी जेमतेम. एका अंगाला अटलांटिक समुद्राची पुळण, दुसऱ्या अंगाला खाजणाचा चिखल. वस्ती नाही, झाडोरा थोडा. अशा ओसाड पट्टीचे महत्त्व एवढेच की, तिच्या उत्तर टोकावरून फोर्ट सम्टर तोफेच्या टप्प्यात येतो. बेट ज्याचे त्याच्या हाती सम्टरचे भवितव्य. जनरल गिलमोरची योजना हीच होती.

१० जुलै १८६३ रोजी त्याचे सैन्य शेजारच्या फॉली बेटावरून होड्यांनी येऊन उतरले आणि बेटाचा मोठा भाग एका सकाळीत त्याने घेतला. आडवा आला तो फोर्ट वॅग्नर. नाव किल्ल्याचे, पण दगड एकही नाही. वाळूचे उंच बांध, त्यांना ताडाच्या जातीच्या झाडांच्या ओंडक्यांचा आधार, पुढे पाण्याचा खंदक. समुद्रापासून खाजणापर्यंत बेट अडवून तो आडवा पसरला होता. दुसऱ्याच दिवशी केलेला हल्ला फसला: उत्तरेची तीनशेच्या वर माणसे कामास आली, आतली फक्त बारा. वाळूच्या तटाची गंमत अशी की, दगडी भिंत तोफगोळ्याने फुटते, वाळू तो गिळून टाकते. रात्री फावड्याने पुन्हा सारखी केली की झाले. आपल्या जलदुर्गांच्या चिरेबंदी तटांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या गोष्टीचा जरूर विचार करावा.

१६ जुलै रोजी शेजारच्या जेम्स बेटावर चोपन्नाव्या पलटणीची पहिली खरी झुंज झाली. पहाटे आलेला हल्ला तिने रोखून धरला आणि कनेक्टिकटची एक गोरी पलटण त्यामुळे कोंडीतून सुटली. चाळीसवर माणसे मेली, जखमी झाली किंवा हरवली. त्याच आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध दंगल उसळली होती. गोऱ्या जमावाने काळ्या माणसांना रस्त्यात गाठून मारले, काळ्या मुलांचे अनाथाश्रम जाळले. पलटणीतील एका सार्जंटचा लहानगा भाचा त्यात बळी पडला. ज्या सरकारसाठी मामा बेटावर लढत होता त्या सरकारच्या शहरात! सार्जंटला ही बातमी कळली की नाही कोण जाणे; दोन दिवसांनी तो वॅग्नरवर जखमी होऊन पकडला गेला आणि पुढे चार्ल्स्टनमध्ये कैदेत वारला.

जेम्स बेटावरून पलटण निघाली ती रात्री, मुसळधार पावसात, खाजणातल्या अरुंद फळ्यांवरून एकामागून एक. दोन दिवस धड झोप नाही, धड अन्न नाही. १८ तारखेला संध्याकाळी ती मॉरिस बेटावर पोहोचली तेव्हा वॅग्नरवर सकाळपासून जमिनीवरून व चिलखती जहाजांवरून गोळे पडत होते. सुमारे नऊ हजार गोळे पडले म्हणतात. आत काही जिवंत उरले नसेल असा गिलमोरचा होरा. प्रत्यक्षात सुमारे सतराशे शिबंदी वाळूखालच्या तळघरात बसून राहिली होती आणि तिची हानी फारच थोडी झाली होती.

जनरल स्ट्राँगने शॉला विचारले की, चढाईच्या अग्रभागी तुमची पलटण राहील काय. माणसे थकलेली होती, तो नाही म्हणू शकला असता. तो हो म्हणाला. काळे लोक लढतात की नाही या शंकेला गोऱ्या सैन्याच्या डोळ्यांदेखत उत्तर द्यायची संधी त्याला हवी होती; जेम्स बेटाआधीच, आपल्या माणसांना केवळ लुटालुटीच्या मोहिमांवर ठेवू नका, गोऱ्या पलटणींबरोबर लढू द्या, अशी विनंती त्याने स्ट्राँगला केली होती. येथे मला थांबावेसे वाटते. सहाशे माणसांच्या वतीने एका पंचविशीतल्या तरुणाने हा होकार दिला. त्यांना कोणी विचारले नाही. सैन्यात विचारत नाहीत हे मलाही कळते. पण त्याच माणसांनी पगाराच्या बाबतीत स्वतःचा निर्णय स्वतः घेऊन दाखविला होता किंवा लवकरच दाखविणार होती, हे ध्यानात घेतले की वाटते, विचारले असते तरी उत्तर बहुधा तेच आले असते.

अंधार पडू लागला तशी पलटण पुळणीवरून निघाली. वाट इतकी चिंचोळी की, उजव्या हाताची माणसे समुद्राच्या लाटांतून चालत होती. शॉ घोडा सोडून पायी, सर्वांच्या पुढे. किल्ला जवळ आल्यावर तट एकाएकी पेटल्यासारखा झाला. रांगाच्या रांगा पडल्या. उरलेले खंदकात उतरले, वाळूचा उतार चढले. शॉ तटाच्या माथ्यावर पोहोचला, मागच्यांना पुढे बोलावीत उभा राहिला आणि तेथेच गोळी लागून आत कोसळला. सार्जंट विल्यम कार्नी याने पडत्या निशाणबरदाराच्या हातचे निशाण उचलून तटापर्यंत नेले आणि अंगावर अनेक जखमा घेऊन, ते जमिनीला टेकू न देता, परत आणले. मागून आलेल्या गोऱ्या पलटणींपैकी काही किल्ल्याच्या एका कोपऱ्यात शिरल्या, तास-दोन तास झुंजल्या, पण वेळेवर कुमक आली नाही. स्ट्राँग प्राणांतिक जखमी झाला. उत्तरेची पंधराशेच्या वर माणसे मेली, जखमी झाली वा पकडली गेली, दक्षिणेची दोनशेच्या आसपास. चोपन्नाव्या पलटणीच्या सहाशेंपैकी २७० च्या वर.

माझ्या मते हा हल्ला लष्करी दृष्ट्या चूकच होता. आठवड्यापूर्वीच्या अपयशावरून काही न शिकता तीच वाट पुन्हा धरली. नंतर गिलमोरने जे केले ते आधीच करायला हवे होते: नागमोडी चर खणत खणत इंच-इंच पुढे सरकणे. त्या उन्हात, कुजणाऱ्या प्रेतांच्या वासात, खणण्याचे हे काम करणाऱ्यांत चोपन्नाव्या पलटणीचे उरलेले सैनिकही होते. ६ सप्टेंबरच्या रात्री शत्रूने गुपचूप बेट सोडले. तोपर्यंत बेटावरील तोफांनी सम्टरचा ढिगारा करून टाकला होता. आणि एवढे करूनही चार्ल्स्टन पडले नाही! ते पडले फेब्रुवारी १८६५ मध्ये, शर्मनची फौज जमिनीच्या बाजूने मागून आली तेव्हा.

हल्ल्यानंतर मोठ्या अधिकाऱ्याचे प्रेत मानाने परत करण्याचा रिवाज होता. शॉच्या बाबतीत तो पाळला नाही. त्याच्या काळ्या सैनिकांबरोबर एकाच खड्ड्यात त्याला पुरले, अपमान म्हणून. पुढे ते शव शोधून काढण्याची तयारी उत्तरेच्या सैन्याने दाखविली, तेव्हा वडिलांनी गिलमोरला लिहून कळविले की, तसे काही करू नये. माझा मुलगा आहे तेथेच, आपल्या माणसांत, योग्य जागी आहे. एकुलता एक मुलगा होता.

पकडलेल्या काळ्या सैनिकांवर चार्ल्स्टनमध्ये खटला भरला गेला, पण आपल्याला तो अधिकार नाही असे न्यायालयाने ठरविले. कैद्यांच्या बाबतीत जशास तसे वागू असा लिंकनचा हुकूम जुलैअखेर निघालेला होता. वॅग्नरच्या बातमीनंतर काळ्यांच्या भरतीविषयीची कुजबुज कमी झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल, अर्पण केले. त्या सज्जनांत शॉची गणना होईल यात शंका नाही. मला वाटते, त्या एक लाख ऐंशी हजारांची आधी व्हावी.

बॉस्टनमध्ये शॉचे स्मारक करायचे ठरले तेव्हा शिल्पकार सेंट-गॉडन्सच्या मनात एकट्या अश्वारूढ वीराचा पुतळा होता. शॉच्या घरच्यांनी त्याला हरकत घेतली. असे पुतळे सेनापतींचे असतात, आणि आमचा मुलगा त्याच्या माणसांवाचून दाखवू नये असे त्यांचे म्हणणे. सेंट-गॉडन्सने पुढे चौदा वर्षे खपून ब्राँझचा जो पट केला त्यात शॉ घोड्यावर आहे, पण शेजारून बंदुका खांद्यावर घेतलेले सैनिक चालले आहेत, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे. ३१ मे १८९७ रोजी त्याचे अनावरण झाले. पलटणीतील म्हातारे झालेले शिपाई त्या दिवशी पुन्हा बीकन स्ट्रीटवरून चालले. दगडावर नावे मात्र फक्त पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची कोरली होती. सैनिकांची नावे कोरायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

ॲनीने पुन्हा लग्न केले नाही. ती १९०७ साली वारली. वॅग्नर जेथे होता ती जागा आज समुद्राखाली आहे. बंदराच्या तोंडाशी बांधलेल्या धक्क्यांमुळे वाळूचा ओघ फिरला आणि बेट झिजत गेले. १८७६ साली बेटावर बांधलेले दीपगृह आता पाण्यात एकटे उभे आहे. सार्जंट कार्नीला शौर्याचे सर्वोच्च पदक मिळाले ते १९०० साली, म्हणजे सदतीस वर्षांनी. त्याने न्यू बेडफर्ड गावी कित्येक वर्षे टपालवाल्याची नोकरी केली होती. निवृत्तीनंतर तो बॉस्टनच्या विधानभवनात निरोप्या म्हणून काम करीत असे आणि १९०८ साली तेथील लिफ्टच्या अपघातात जखमी होऊन वारला. शॉचे स्मारक त्याच विधानभवनाच्या समोर, रस्त्यापलीकडे आहे.